कुत्र्याला दिलेला शब्द

पोलीस ठाण्यात माझा हुद्दा 'आदिवासी संपर्क अधिकारी' असा आहे. म्हणजे शर्ट पोलिसांचाच, पण रंग जरा फिका. पिस्तूल नाही, बेड्या नाहीत, कुणाला पकडायचा अधिकार नाही. अधिकार एकच, दोन्हीकडच्या शिव्या खायचा. रुजू झालो त्याच आठवड्यात मला ठाण्याच्या भिंतीवर आमच्या लोकांच्या पद्धतीचं ठिपक्याठिपक्यांचं चित्र काढायला सांगितलं. मला चित्रकला येत नाही, असं मी म्हणालो. सार्जंट हॅलोरन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लाजू नकोस क्लेटन. रक्तातच असते ती." आता भिंतीवर एक घोरपड आहे. लोक तिला सोफा समजतात.

तर, माझे सासरे वारले. त्यांचं नाव घेत नाही. गेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. त्यांचा थोरला मुलगा सेल्विन, माझा मेहुणा. त्याच्यावर वॉरंट होतं. गुन्हा काय, तर विनालायसन्स गाडी चालवली. लायसन्स मिळतं वाळवंटापलीकडच्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहरात, आणि तिथं जायचं तर गाडी चालवत जावं लागतं. कोर्टाच्या तारखेला तो गेला नाही, कारण त्या दिवशी तो मरणाऱ्या बापाच्या उशाशी बसला होता. शिवाय जाणार कसा? गाडी चालवायला बंदी.

"घेऊन ये त्याला," सार्जंट म्हणाले.

"तो सासूजवळ आहे, साहेब. मला तिथं जाता येत नाही."

"भांडण झालंय?"

"नाही. जावई सासूच्या समोर येत नाही आमच्यात. बोलत नाही, तोंड बघत नाही. मान असतो तो."

"मग राख ना मान. जा आणि घेऊन ये."

मी म्हणालो, "शुक्रवारी माती आहे. पहिली मूठ थोरल्या मुलानं टाकायची असते. ती टाकू द्या. मग तो स्वतःच्या पायांनी माझ्या गाडीत येऊन बसेल."

सार्जंटनी विचार केला आणि हात पुढे केला. "दिला शब्द. आम्हीही माणसंच आहोत रे."

सासरे गेल्यापासून त्यांचं घर आमच्या रीतीप्रमाणे रिकामं ठेवलं होतं. सासू तिच्या बहिणीच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीत बसलेली. मी कुंपणाबाहेर गेलो आणि अंगणाकडे पाठ करून उभा राहिलो. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासू दिसते कशी ते मला ठाऊक नव्हतं. बायको सांगते, छान आहे. दुकानदाराशी, नर्सशी, पोलिसांशी ती तोंड भरून बोलते. परक्यांशी बोलायला हरकत नसते. न बोलणं हे फक्त माझ्या वाट्याचं, जावयाचं.

कुंपणाबाहेर, माझ्या पायाशी एक कुत्रा होता. नाव मिनिस्टर. कधीतरी येतो, खातो, जातो.

"मिनिस्टर," मी म्हणालो, "शुक्रवारी माती होईपर्यंत सेल्विनला कुणी हात लावणार नाही. नंतर त्यानं माझ्या गाडीत बसावं. सार्जंटचा शब्द आहे."

मागून सासूचा आवाज आला. "मिनिस्टर, त्या माणसाला विचार, सार्जंटचा शब्द कुणी मागितलाय? मागच्या खेपेला सार्जंटनं पाण्याच्या टाकीचाही शब्द दिला होता."

सेल्विन फिसकन हसला. "आये, कुत्र्याला कशाला राजकारणात ओढतेस?"

"तू गप. मिनिस्टर, विचार त्याला, हा शब्द शर्टाचा आहे का त्याचा?"

मी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्यानं कान खाजवला.

"माझा आहे," मी कुत्र्याला सांगितलं.

 मग माझ्या पाठीमागे, कुंपणाच्या तारेवर, फडक्यात बांधलेला कांगारूच्या शेपटीचा तुकडा कुणीतरी अडकवून गेलं. भाजलेला, अजून गरम. हे सासूचं मला उत्तर होतं, शब्द मान्य. मी ठाण्यात गेलो आणि सार्जंटना सगळं नीट समजावलं. माती कुठं, कधी, सेल्विन कुठल्या बाजूला उभा असेल. मान राखून या, असंही सांगितलं.

त्यांनी राखला. शुक्रवारी ते पुष्पचक्र घेऊन आले.

मला ते येताना दिसलेच नाहीत. सासू बायकांत जमिनीवर बसली होती आणि व्हॅन तिच्याच बाजूनं आली. मी जावयाला शोभेल असा, तिकडे पाठ करून उभा होतो. एवढ्या मोठ्या वाळवंटात पोलीस नेमके जिथून यायचे ती एकच बाजू मला बघायची मनाई होती. रडणं अचानक थांबलं तेव्हा मी वळलो. सार्जंट हॅलोरन पुष्पचक्र धरून उभे होते. शहरातून आलेले दोन शिपाई सेल्विनचे हात पाठीमागे नेत होते. शवपेटी अजून खड्ड्यात उतरली नव्हती.

"साहेब, शब्द दिला होता तुम्ही!"

"अरे, यांची ड्युटी चारला संपते," सार्जंट हळू आवाजात म्हणाले. प्रसंगाचं भान त्यांना होतं. "परतीचा रस्ता लांबचा आहे. ओव्हरटाइम मंजूर नाही."

"दाजी," सेल्विन म्हणाला. मूठ त्यानं आधीच भरून घेतली होती. "एवढी टाकू दे रे. सांग ना यांना."

मी सांगितलं. सांगण्याचाच तर पगार घेतो. बेड्या खटकन बसल्या. त्याची मूठ पाठीमागे मिटलेलीच राहिली, आणि व्हॅनपर्यंत लाल मातीची एक बारीक रेघ पडत गेली. सार्जंटनी पुष्पचक्र पेटीवर ठेवलं, टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि टोपी घातली.

मग सासू उठली.

ती माझ्याकडे येतेय हे मला बायकांच्या चुळबुळीवरून कळलं. मी पाठ फिरवली. ती वळसा घालून पुढे आली. मी पुन्हा फिरलो, ती पुन्हा पुढे. असे आम्ही त्या पेटीशेजारी गोल फिरत राहिलो. कुणी हसलं नाही. शेवटी मी थकलो. ती थकली नव्हती.

तिनं थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं. बायको खोटं बोलत नव्हती. डोळे हुबेहूब बायकोचेच होते.

"साहेब," ती मला म्हणाली, "माझ्या पोराला कुठं नेताय?"

 मी आजूबाजूला पाहिलं, कुठं कुत्रा दिसतोय का. मिनिस्टर कुठंच नव्हता.