रबराचं पापलेट

बेव्हर्ली पार्कातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्टुडिओत गिरिजा दीड तास डबा मांडीवर घेऊन बसली होती. डब्यात तिने पहाटे तळलेली दोन पापलेटं होती. रविवारी पालीच्या कोळीवाड्यात तिची खानावळ उघडणार होती. बोर्डावर आपल्या हातच्या पापलेटाचा फोटो हवा, एवढाच तिचा हट्ट. सून ऋतिकाने त्यासाठी हा फोटोग्राफर गाठला, आणि त्याने, धर्मेशने, दारातच बजावलं.

"मावशी, डबा उघडायचा नाही हां. सोसायटीत मच्छी चालत नाही. दोनदा नोटीस आलीये. आता तिसरी आली की स्टुडिओ खाली करावा लागेल."

"मंग फोटो कशाचा काढनार?"

धर्मेशने कपाटातून रबराचं पापलेट काढून ताटलीत ठेवलं. खरा मासा लाइटखाली सुकतो, हे दिवसभर ताजं दिसतं, असं तो समजावत होता. बिचारा मेहनती होता. त्याने ब्रशने मसाल्याचा लाल रंग चढवला, तेल सुटल्यासारखं दिसावं म्हणून ग्लिसरिनचे थेंब सोडले, कडेला प्लॅस्टिकचं लिंबूही ठेवलं. जन्मात मासा न खाल्लेला माणूस मासा सजवत होता.

गिरिजा उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली.

"ऋतिका, ह्याचा डोला बघ. बटन लावल्यासारका हाय."

"आई, गिऱ्हाईक कुठे डोळा बघतंय?"

"आमचं गिऱ्हाईक पयला डोलाच बघतं."

ते खरंच होतं. डोळा आणि कल्ले दाखवून तिने तीस वर्षं मासे विकले होते. शिळा मासा ताजा म्हणून कधी खपवला नव्हता. आता तिच्या नावाखाली रबर टांगणार, आणि पालीतल्या बायका बोर्डाखाली उभ्या राहून हसणार. तिला रडूच यायला लागलं.

धर्मेशला फोन आला. तो बोलत बाल्कनीत गेला. ऋतिका "आई, नको" म्हणेपर्यंत गिरिजाने डबा उघडून रबराचं उचललं आणि तिथे आपलं पापलेट ठेवलं.

धर्मेश परत आला तो नाक धरूनच. चिडून काही बोलणार, तोच त्याचं लक्ष ताटलीकडे गेलं. तो कॅमेऱ्यावर वाकला. एक फोटो काढला, मग दुसरा. चार-पाच काढून झाले आणि बेल वाजली.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रभाई. "धर्मेश, मच्छी की बास आ रही है. पूरे पैसेज में."

 धर्मेशने रबराचं पापलेट शेपटीला धरून वाकवून दाखवलं. "नकली है, अंकल. ये देखो."

"और वो प्लेट में?"

धर्मेश ताटलीच्या आड उभा राहिला. त्याचा स्टुडिओ जाणार, तेही आपल्यापायी, हे गिरिजाला लख्ख कळलं. ती पुढे झाली.

"वो बी रबर का हाय," ती म्हणाली.

"तो फिर बास किधर से आती है?"

सकाळी ती दोनदा साबण लावून न्हायली होती. ठेवणीतलं पातळ नेसली होती.

"बास मेरे अंग को आता हाय, भाऊ. हम कोली लोग हाय. कितना बी नहाव, जाता न्हाय."

जितेंद्रभाईंनी तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. लगेच त्यांना पटलं. "ठीक है. दरवाजा बंद रखो," म्हणून ते लिफ्टकडे गेले.

माशांची पाटी डोक्यावर होती तेव्हा लोक नाकाला पदर लावायचे. तेव्हा ती त्यांच्याशी कचाकचा भांडायची. हे वाक्य तिने आजवर कुणाला बोलू दिलं नव्हतं, आणि आज ते तिच्याच तोंडून गेलं होतं.

धर्मेशने दार लावलं. कॅमेरा घेऊन तो गिरिजाजवळ आला. मग हळूच म्हणाला, "मावशी, फोटो एकदम मस्त आलाय. बघा ना."

"तुमी बगा," गिरिजा म्हणाली. "ऋतिका, मला घरी ने."