मानाच्या फळ्यावरची रिकामी जागा

फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवेल. पण माझ्यावर कधी कुणी खडू उगाळला नाही. मी मानाचा फळा. शारजाच्या रोल्ला भागात, रफिक परकारच्या कॅफेटेरियात, वरच्या मजल्यावरच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्यावर पितळी पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीवर एका माणसाचं नाव आहे. ही माणसं कधीकाळी किनारा क्रिकेट क्लबकडून खेळायची. आता त्यांचे गुडघे दुखतात.

माझा जन्म दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फर्निचरच्या कारखान्यात झाला. त्याआधी मी दार होतो. खलिफा सिटीतल्या एका व्हिलाचं चांगलं सागवानी दार. मालकांनी घर नवं करायला काढलं आणि मी त्या कारखान्यामागच्या भंगाराच्या ढिगात जाऊन पडलो. त्या ढिगातून मला भिवानं उचललं. भिवा कुडाळचा सुतार. त्यानं माझ्यावरून तळहात फिरवला आणि फोरमनला विचारलं, "साब, ये मैं ले लूँ?" फोरमन म्हणाला, "यल्ला, ले जा."

जेवणाच्या सुट्टीत भिवा मला रंधायचा. जुना रंग निघाला, बिजागऱ्यांच्या खाचा बुजल्या, आणि आतलं मधासारखं लाकूड वर आलं. तो क्लबचा अकरावा खेळाडू होता. फलंदाजी यायची नाही, गोलंदाजी यायची नाही. "मला खेळता नाय येत, पण ह्यां येतां," असं म्हणून त्यानं मला क्लबच्या हवाली केलं. ते साल होतं दोन हजार सतरा. त्याचं नाव माझ्यावर नाही. माझ्या पाठीमागे मात्र पेन्सिलीनं लिहिलेलं एक बारीक 'भि' आहे. ते फक्त भिंतीला आणि मला ठाऊक.

पहिली पट्टी लागली रफिकची. रफिक मूळचा गुहागरकडचा. क्लब त्यानंच उभा केला आणि बारा वर्षं कप्तान तोच होता. त्याच्या पट्टीवरून कुणी वाद घातला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक नावावर मात्र असा वाद झाला की खालच्या मजल्यावरची गिऱ्हाईकं चहाचा पेला हातात धरून वर डोकावायची.

नियम साधा होता. खेळणं सोडून पाच वर्षं झालेली हवीत. वर्षातून एकदा, शुक्रवारच्या नमाजानंतर, सात जणांची समिती जेवायला जमायची. सातांपैकी पाच मतं पडली की पट्टी लागली. चार पडली तर पुढच्या वर्षी बघू.

समितीत विजयकुमार होते. पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत ऑडिटला. क्रिकेट फारसं खेळले नव्हते, पण क्लबच्या प्रत्येक मॅचचा हिशेब त्यांच्या लॅपटॉपवर होता. "भावना बाजूला ठेवा, डेटा बघा," हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं आणि बहुधा शेवटचंही.

चारुदत्तच्या वेळचं भांडण मला अजून आठवतं. चारुदत्त यष्टिरक्षक. सोळा हंगाम त्यानं तळपत्या उन्हात उकिडवं बसून काढले. विजयकुमार म्हणाले, "ॲव्हरेज अकरा. अकरा! अकरा काय ॲव्हरेज असतं का?" तसा रफिक टेबलावर हात आपटून म्हणाला, "त्यानं अडवलेले बाय कुठं आहेत तुमच्या लॅपटॉपमध्ये? जो रन झालाच नाही, तो कोण मोजणार?" विजयकुमार बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "पॉइंट आहे." पाच मतं पडली. पुढच्या आठवड्यात चारुदत्त आला, खिशातून रुमाल काढला आणि आपल्या नावाची पट्टी अगदी हळू पुसली. जणू लहान बाळाचं तोंड पुसतोय. त्या दिवशी मला भिवाची फार आठवण झाली. भंगारातल्या दाराला त्यानं केवढं भाग्य दिलं!

असंच सगळं सुरळीत चाललं असतं. पण यहया मुकादमचं नाव आलं.

यहया श्रीवर्धनचा. क्लबचा सगळ्यात मोठा गोलंदाज. दोनशे चौदा विकेट. त्याच्या जवळपासही कुणी नव्हतं. पण दोन हजार दहाच्या फायनलमध्ये, शेवटच्या ओव्हरला, अंपायरनं त्याच्या हातातला बॉल मागून घेतला होता. इथे टेनिसच्या बॉलवर इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळून खेळतात. त्या बॉलवरची टेप एका बाजूनं ब्लेडनं कापलेली निघाली. तसा बॉल हवेत भलताच वळतो. कप गेला. यहयावर दोन वर्षांची बंदी आली. बंदी संपल्यावर तो परतला, पाच हंगाम मान खाली घालून खेळला आणि मग थांबला.

बावीस साली त्याचं नाव पहिल्यांदा समितीपुढे आलं.

"दोनशे चौदा विकेट, आणि आपण विचार करतोय?" एक जण म्हणाला.

"चोरी ती चोरी," विजयकुमार म्हणाले. "पोरांना काय शिकवायचं?"

"अहो, त्या ब्लेडच्या आधीच्या दीडशे विकेट तरी खऱ्या ना?"

"तुम्हाला कसं माहीत, ब्लेड त्या दिवशी पहिल्यांदा आली?"

मतं पडली. चार 'हो', दोन 'नाही'. सातवं मत अध्यक्षाचं, म्हणजे रफिकचं. सगळे त्याच्याकडे बघत होते. रफिकनं पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला आणि म्हणाला, "राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षीही तो तेच म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी भिंतीवरून बघत होतो. मला वाटायचं, किती हा कडक न्यायाचा माणूस! माणसं ओळखण्यात लाकूडही चुकतं.

गेल्या वर्षी एका दुपारी एक मुलगी जिना चढून वर आली. वय तेवीस-चोवीस, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. ती यहयाची मुलगी सफा. यहयाची कंपनी बंद होत होती, व्हिसा संपत होता, आणि तो कायमचा श्रीवर्धनला निघाला होता. सफाला त्याच्या निरोपाचं जेवण इथे ठेवायचं होतं.

"किती माणसं?" रफिकनं विचारलं.

"ट्वेंटी, ट्वेंटी-फाइव्ह. सरप्राइज आहे हं अंकल." मग तिची नजर माझ्यावर गेली. तिनं वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचलं. "अब्बांचं नाव नाहीये."

रफिकनं ऑर्डरच्या वहीत जेवणाची तारीख लिहायला घेतली.

"इट्स ओके अंकल. अब्बा म्हणतात चूक माझीच होती. पण काय केलं ते कधीच सांगत नाहीत. आय आस्क्ड सो मेनी टाइम्स." ती थोडी थांबली. "तुम्ही कॅप्टन होतात ना? वॉज ही दॅट बॅड?"

"नाही गं बेटा," रफिक म्हणाला. एवढंच.

ती गेल्यावर रफिक माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. त्याची बायको हाफिजा काउंटर सांभाळायची. ती वर आली, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"तीन वर्षं बघतेय मी. त्या मीटिंगच्या दिवशी तुम्हाला जेवण जात नाही. माझी सुरमई तुम्ही टाकून उठता. काही नाही कसं?"

आणि मग रफिकनं तिला सांगितलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मी लाकूड असूनही माझ्या अंगावर काटा आला.

हाफिजानं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. फक्त म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? शुक्रवारी सात जण येतायत ना, त्यांना सांगा."

शुक्रवारी सात जण आले. विजयकुमारांनी लॅपटॉप उघडला. "यहया मुकादम, चौथी वेळ. डेटा तोच आहे."

"डेटा तोच नाही," रफिक म्हणाला.

तो उभा राहिला. एवढा धिप्पाड माणूस, पण टेबलाची कड धरून उभा होता.

"ती टेप मी कापली होती. पार्किंगमध्ये, गाडीत बसून. शेवटच्या ओव्हरला मी बॉल बदलून यहयाच्या हातात दिला. त्यानं बोट फिरवलं आणि विचारलं, 'कॅप्टन, हे काय?' मी म्हटलं, 'तू फक्त टाक.' अंपायरनं बॉल घेतला आणि विचारलं, कुणी केलं? मी मिड-ऑफला होतो. पंधरा पावलांवर. मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो."

खाली कुणीतरी पार्सल मागत होतं.

"यहया म्हणाला, 'मी केलं.' मी लेस बांधतच राहिलो. ती सुटलेली नव्हतीच."

विजयकुमारांनी लॅपटॉप मिटला. "रफिकभाई, तीन वर्षं मी 'नाही' म्हटलं. एका माणसाला मी चोर म्हटलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं."

मतं पडली. सहा 'हो'. एक जण मात्र म्हणाला, "बॉल कापलेला आहे हे कळूनही त्यानं टाकला. माझं 'नाही'च." त्याच्यावर कुणी चिडलं नाही. मला तोही माणूस आवडला.

मग रफिकनं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. "आता माझी पट्टी काढा."

"अरे छोड दो यार!" "क्लब तुमचा आहे!" असा गलका झाला. विजयकुमारांनी हात वर केला. "एक मिनिट. नियम सगळ्यांना एकच. रफिकभाईंच्या नावावर कधी मतदानच झालं नाही. ते आज घेऊ. सहा जण आहोत, पण मतं पाचच लागतील."

तीन हात वर गेले. विजयकुमारांचा हात वर जाता जाता टेबलावर आला. त्यांचे डोळे भरले होते.

"खलास," रफिक म्हणाला, आणि माझ्यासमोर येऊन त्यानं स्वतःच स्क्रू फिरवले. मला वाटलं होतं दुखेल. पण त्याचा हात अगदी हलका होता. इतकी वर्षं मला पुसताना तो असा हलका कधी लागला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी सफा यहयाला घेऊन आली. यहया किडकिडीत, दाढी पिकलेली, इस्त्रीचा शर्ट. पंचवीस माणसं उभी राहिली. त्यानं माझ्यावरची नवी पट्टी पाहिली. हाताचं बोट अक्षरांपर्यंत नेलं, पण टेकवलं नाही. मग वर पाहिलं.

"कॅप्टन, तुमचं नाव कुठंय?"

रफिकनं सगळ्यांदेखत, सफादेखत, सगळं सांगितलं. लेससकट.

"तू का बोलला नाहीस रे?" रफिकनं विचारलं.

"तुम्ही मला इथे आणलंत. व्हिसा तुमच्यामुळे, नोकरी तुमच्यामुळे. माझे वडील गेले तेव्हा विमानात तुम्ही बसवून दिलंत. मला वाटलं, एवढं तर करू." मग त्याचा आवाज चढला. "पण राग होता मला, कॅप्टन. खूप राग होता. दोन वर्षं दर शुक्रवारी खोलीत बसून पंखा बघायचो. तुमचं नाव उतरावं असं कधी वाटलं नाही. तुम्ही एकदा माझ्या तोंडाकडे बघून बोलावं, एवढंच वाटायचं."

"आता बघतोय," रफिक म्हणाला.

"हो. आता बघताय."

यहयानं शेजारची खुर्ची ओढली आणि रफिकला हाताला धरून बसवलं. हाफिजानं दोघांपुढे एकच मोठं ताट ठेवलं. सफा फोन धरून उभी होती, पण फोटो काढायचं विसरली. तिचे गाल ओले झाले होते. थोड्या वेळानं यहयाच म्हणाला, "काढ ना गं, इन्शाल्ला पुन्हा कधी जमतील एवढे!"

यहया आता श्रीवर्धनला असतो. माझा फोटो त्यानं घरात लावलाय असं सफा सांगते. समिती यंदाही बसली. कुणीतरी रफिकचं नाव सुचवलं. तो म्हणाला, "पाच मतं पडली तर लावा. पण तेव्हा मी इथे थांबणार नाही." चार पडली. पुढच्या वर्षी बघू.

माझी काही तक्रार नाही. भंगारात जळून गेलो असतो, त्याऐवजी माणसं माझ्यासमोर भांडली, रडली, खरं बोलली. दाराला आणखी काय हवं? तुम्ही कधी रोल्लाला आलात, तर एक विनंती आहे. जिना चढून वर या. नावं वाचा, पण घाईनं नको. सगळ्यात वर, मधोमध, एक फिकट चौकोन दिसेल, दोन बाजूंना स्क्रूची दोन भोकं. बरीच गिऱ्हाईकं तिथे बोट दाखवून विचारतात, "इथे कुणाचं नाव होतं?"

रफिक चहाचे पेले टेबलावर ठेवतो, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "माझं. बसा, सांगतो."