नवमीचं पान

धर्मेंद्रनं तांब्यातलं पाणी पायांवर सोडलं तशी अलकानं बोटं आत ओढून घेतली. परातीतले आपले पाय तिला परक्याचे वाटत होते. सकाळी दगडानं घासूनही टाचांच्या भेगा गेल्या नव्हत्या. धर्मेंद्र एका हातानं चष्मा सांभाळत, खाली मान घालून, दोन्ही पायांवर सारखं पाणी घालत होता. त्याची बायको वैशाली टॉवेल घेऊन शेजारी उभी होती. ह्याच माणसानं पाच दिवसांपूर्वी अंगणात उभं राहून तिला भाडं वाढवल्याचं सांगितलं होतं.

"पाणी जास्त गरम तर नाही ना, भाभी?" त्यानं विचारलं.

"नाही," अलका म्हणाली.

आज अविधवा नवमी होती. पितृपंधरवड्यातला हा दिवस नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा. धर्मेंद्रची आई, मालूबाई, गेल्या वर्षीच्या श्रावणात भरल्या कुंकवानं गेली. म्हणून तिच्या नावानं एक सवाष्ण जेवायला बसवायची. ती पोटभर जेवली म्हणजे मालूबाई जेवली. भटजी, पिंड, छतावरचा घास हे सगळं बारापर्यंत उरकलं होतं. राहिलं होतं ते सवाष्णीचं पान. तिनं तोंडानं "पोट भरलं" म्हणेपर्यंत घरातल्या कुणालाही अन्नाला हात लावता येत नव्हता.

वैशालीनं तिला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं. समोर केळीचं पान. पानावर खीर, उडदाचे वडे, कढी, गिलक्यांची भजी, पुरणाची पोळी. अंगणाकडच्या दाराशी वेताच्या खुर्चीत लीलाधरकाका बसले होते, मालूबाईचे यजमान आणि ह्या घराचे मालक. तहसील कचेरीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. अजूनही घरात सदरा इस्त्रीचा घालत. आज ते अलकाकडे टक लावून बघत होते, आणि ते बघणं आपल्याकडे नाही, हे अलकाला कळत होतं.

अलकानं पहिला घास मोडला.

ती आणि तिचा नवरा योगेश नऊ वर्षांपूर्वी ह्या घराच्या अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायला आले, तेव्हा मुलगी निशा तिसरीत होती. अंगण एक, नळ एक, कपड्यांची तार एक. मालूबाईला लकवा झाला आणि उजवी बाजू गेली, तेव्हा लीलाधरकाकांचा हात थरथरतो म्हणून अलका एक दिवस चमच्यानं चहा पाजायला गेली. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला गेली. मग कूस बदलायला, अंग पुसायला, नको ते सगळं उचलायला. अडीच वर्षं गेली. त्या अडीच वर्षांत भाडं अडीच हजारांवरून हललं नाही. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं कुणी कधी म्हटलं नाही, आणि नाही असंही कुणी म्हटलं नाही. असल्या गोष्टी न बोलता चालतात तोवर फार सुरेख चालतात.

मग श्राद्धाच्या निमित्तानं धर्मेंद्र इंदूरहून आला. येऊन एक चहा पोटात गेला नाही तोच त्यानं अंगणात अलकाला गाठलं. ती तारेवर कपडे घालत होती.

"भाभी, एक तारखेपासून साडेचार करू या. इकडं राजघाटाकडं एकेका खोलीचे चार घेऊन राहिले लोक. तुमच्या तर दोन आहेत. मी घरचे समजून सांगतोय."

घरचे समजल्यावर भाडं वाढतं, तर परके समजला असता तर कदाचित कमी झालं असतं, हे उत्तर अलकाला रात्री सुचलं. वेळेवर तिला कधीच काही सुचत नसे. तेव्हा तिनं फक्त लीलाधरकाकांकडे पाहिलं. ते ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

आणि तेवढ्यात वैशाली आतून हसत बाहेर आली होती.

"भाभी, नवमीला सवाष्ण म्हणून तुम्हीच बसा हं. आईंचं सगळं तुम्हीच तर केलं. दुसऱ्या कुणाचं नावच नाही आलं आमच्या मनात."

एका बाजूला नवरा उभा होता, दुसऱ्या बाजूला बायको, आणि दोघांनाही आपण एकाच बाईशी बोलतोय हे जाणवलं नसावं. अलका हो म्हणाली. कशाला हो म्हणाली ते तिलाही नीट कळलं नाही.

योगेश पावरलूमवर होता. सहा महिन्यांपासून आठवड्याला तीन पाळ्या मिळत होत्या, त्याही मालकाच्या मर्जीनं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, लालबागला, स्टेशनच्या मागं, अडीच हजारांत एक खोली होती. तिला खिडकी नव्हती, आणि निशाची शाळा तिथून चार किलोमीटर. निशाचं बारावीचं वर्ष. शिवाय अलकाकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया सगळ्या ह्याच गल्लीतल्या. त्या काही मापं द्यायला लालबागला येणार नव्हत्या. घर सुटलं की शिवण सुटणार, शिवण सुटली की निशाची शिकवणी सुटणार. एवढं सरळ होतं ते.

"नवमीले बोल," योगेश म्हणाला होता. "पोट भरलं का म्हणून विचारतात ना? तेव्हा भरलं म्हणू नको. आधी भाड्याचं बोल. त्या दिवशी सवाष्णीले कोणी नाही म्हणत नाही."

"काहीतरीच काय बोलता. मेलेल्या माणसाचं जेवण आहे ते."

"मेलेल्याचंच आहे. आपण तर जिवंत आहो ना?"

ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. बोलली नाही, पण विसरलीही नाही.

आता ती जेवत होती. वैशाली वाकून वाकून वाढत होती, भजी घ्या, अजून एक पोळी घ्या. मालूबाईला गिलक्यांची भजी फार आवडायची. शेवटच्या महिन्यांत चावता यायचं नाही, तर अलका भजी कढीत कुस्करून, बोटानं तिच्या डाव्या गालात सारायची. मालूबाई जमेल तेवढं गिळायची आणि डाव्या हातानं अलकाचं मनगट धरून ठेवायची. बोलणं गेलेलंच होतं. त्या धरण्याला काही अर्थ आहे की नुसता आधार आहे, हे अलकानं कधी ठरवलं नव्हतं. आज पहिल्यांदा तिनं मनातल्या मनात त्याची किंमत केली, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

पान संपत आलं. धर्मेंद्र हात जोडून समोर उभा राहिला. वैशालीच्या हातातल्या ताटात ओटीचे तांदूळ, नारळ आणि आमसुली रंगाची साडी होती.

"पोट भरलं?" धर्मेंद्रनं विचारलं.

अलका पानाकडे बघत राहिली.

"भाभी, पोट भरलं?"

"नाही," अलका म्हणाली.

वैशाली ताट खाली ठेवून लगबगीनं खिरीचं पातेलं घेऊन आली. "घ्या ना, घ्या. लाजू नका. मी म्हणतच होते, फार कमी जेवल्या."

"खीर नको." अलकानं पानावर हात आडवा धरला. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं. "भाड्याचं बोलायचं आहे."

स्वयंपाकघरात कुकरची वाफ जाण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. धर्मेंद्रचे जोडलेले हात तसेच होते. ते सोडावेत की राहू द्यावेत हे त्याला ठरवता येईना.

"भाभी, ही काय वेळ आहे का? नंतर आरामात बसून बात करू ना."

"नंतर तुम्ही इंदूरले निघून जाल. मले दुसरी वेळ कोण देणार आहे?"

"हे बराबर नाही, भाभी. पितरांचं काम चालू आहे. बाबा, तुम्ही सांगा हिला."

"अडीच वर्षं मी त्यांचं सगळं केलं," अलका म्हणाली. हे वाक्य बोलायचं नाही, काहीही झालं तरी हे बोलायचं नाही, असं तिनं पाचही दिवस स्वतःला बजावलं होतं. ते सगळ्यांत आधी बाहेर आलं. "तुम्ही दोघं सहा महिन्यांतून येत होते. एक बाई ठेवली असती तर आठ हजार घेतले असते तिनं. मी कधी एक रुपया मागितला?"

वैशालीनं पातेलं ठेवून ओटीचं ताट पुन्हा उचललं. ते किंचित कललं आणि थोडे तांदूळ फरशीवर सांडले. ती ते गोळा करायला खाली बसली. खाली बसायला काहीतरी निमित्त मिळालं ह्याचं तिला बरं वाटलं असावं.

लीलाधरकाका खुर्चीतून उठले. उठायला त्यांना वेळ लागला. ते पाटाजवळ आले आणि अलकाकडे पाहिलं. ह्या वेळी मात्र अलकाकडेच पाहिलं.

"किती आहे आता भाडं?"

"अडीच हजार, काका."

"तेच राहील."

"बाबा, पण..."

"घर अजून माझ्या नावावर आहे, धर्मेंद्र." त्यांचा आवाज चढला नाही. मग अलकाला म्हणाले, "निशाची बारावी होईपर्यंत, आणि त्यानंतरही. मी आहे तोवर तेच राहील. झालं?"

अलकानं मान हलवली. डोळ्यांत पाणी येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही.

"आता म्हण," काका म्हणाले.

"भरलं. पोट भरलं."

बाकीचं सगळं रीतीनं झालं. वैशालीनं ओटी भरली, साडी दिली. अलका काकांच्या पाया पडली. काकांनी "सुखी राहा" म्हटलं, तेही रीतीनंच. एरवी ते "निशाची आई, सुखी राहा" म्हणत आणि वर अभ्यासाची चौकशी करत.

अंगण ओलांडून ती आपल्या खोलीत आली. योगेश खाटेवर बसला होता. त्यानं भुवया उंचावल्या. तिनं नुसती मान हलवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी सुटल्यासारखं हसू आलं.

"मी सांगत होतो ना तुले? सवाष्णीले नाही म्हणत नाही कोणी."

तिनं साडी शिलाई मशीनवर ठेवली. योगेशनं तिचा पोत बोटांनी चाचपून पाहिला. हलकीच आहे म्हणाला, पण रंग चांगला आहे. मग तो जेवायला बसला. तिनं त्याला वाढलं. दोन हजारांची बचत झाली होती, दर महिन्याला, आणि ती काही थोडी नव्हती. निशा संध्याकाळी शिकवणीहून येईल तेव्हा तिला सांगायचं होतं की आपण कुठं जात नाही. हे सगळं चांगलंच झालं होतं. ती स्वतःला ते पुन्हा पुन्हा सांगत होती, एखाद्या मठ्ठ मुलाकडून पाढा घोकून घ्यावा तसं.

तेवढ्यात अंगणातून लीलाधरकाकांचा आवाज आला.

"वैशाली, दुसरं पान मांड."

"कुणासाठी, बाबा? सवाष्ण तर जेवून गेली. आता आपलीच पानं घेते."

"आपली नंतर. धर्मेंद्र, जा, त्या रंभाबाईले हाक मार. भाजीची गाडी लावून ती आता घरी आली असेल. जेवली नसेल तर म्हणावं, इकडं चार घास खाय."

"बाबा, झालं ना सगळं. कितीदा करायचं?"

"ते पान भाड्यात गेलं," काका म्हणाले. "तुझ्या आईचं राहिलं."

योगेशचा हात ताटातच थांबला. त्यानं अलकाकडे पाहिलं, मग परत खाली पाहून जेवू लागला. अलका दाराच्या आड उभी राहिली. दार लावून घ्यावंसं वाटत होतं, पण भर दुपारी दार लावलं तर अंगणात ऐकू गेलं असतं.

रंभाबाई आली. कोपऱ्यावर हातगाडीवर भेंडी, गिलकी विकणारी, पासष्टीची बाई. नवरा दम्यानं घरात बसून होता. पदरानं हात पुसत, बिचकत, "मी अशी घामाची, भाऊ, अंघोळ तरी करून येते" असं म्हणत ती ओट्यावर चढली. काकांनी तिला तसंच आत नेलं. परातीत पाणी पडल्याचा आवाज आला. ह्या वेळी तांब्या काकांच्या हातात असावा, कारण पाणी एकसारखं पडत नव्हतं. थांबत होतं, सांडत होतं.

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. रंभाबाई भुकेली असावी.

"पोट भरलं?" काकांचा आवाज.

"भरलं ना, भाऊ. कव्हाचं भरलं. असं तर मी दिवाळीलेही नाही जेवत."

आणि तिकडे काका रडले. मालूबाई गेली त्या दिवशी ते रडले नव्हते. अलकानंच तिचे डोळे मिटले होते आणि ते नुसते खुर्चीत बसून राहिले होते. आता ते मोठ्यानं, लहान मुलासारखे, लाज सोडून रडत होते, आणि धर्मेंद्र "बाबा, बाबा" करत होता. अलकाला तिकडे जाता येत नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात काही झालं होतं आणि तिला तिकडे जाता येत नव्हतं.

थोड्या वेळानं रंभाबाई ओट्यावरून उतरली. ओटीचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता. तिच्या ओटीत साडी नव्हती, घाईत कुठून आणणार, पण काकांनी मालूबाईच्या पेटीतलं एक लुगडं काढून तिच्या खांद्यावर टाकलं होतं. हिरवं, जरीकाठी. आजारपणाआधी मालूबाई ते नेसायची. अलकानं ते चार वेळा उन्हात घातलं होतं, घडी घालून डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या.

अलका दारात दिसली तशी रंभाबाई थबकली.

"मले समजलंच नाही व बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मले कायले बोलावलं? मालूबाईचं तर समदं तूच केलं. मले वाटे, तूच बसशील."

अलकानं त्या लुगड्याचा घसरलेला काठ उचलून रंभाबाईच्या खांद्यावर नीट ठेवला.

"मी भाडेकरू आहे, मावशी," ती म्हणाली. "घरातली नाही."