कोरडी पेटी

वैशाखाची दुपार. पितळवर्णी, पेंगुळलेली, प्रदीर्घ. कोल्हापुरातल्या एका तिसऱ्या मजल्यावर ऊन खिडकीतून आत आलं, रिकाम्या मत्स्यालयाच्या काचेला टेकलं आणि तिथेच राहिलं. पुढे जायचं त्याच्याही जिवावर आलं होतं.

टाकीसमोर यशोधन बसला होता. श्रांतनेत्र, वक्रपृष्ठ, सिलिकॉनलिप्तकर.

नऊ दिवस न्हाणीघरातल्या निळ्या टबात रावसाहेब होते. अकरा वर्षांचा, ताटाएवढा, अग्निरेखांकित ऑस्कर मासा. नऊ दिवस घरातली माणसं मोरीत अंग चोरून आंघोळ उरकत होती. आणि टबात मासा मावळत होता. काल कलला, आज आडवा झाला. टबात आणखी आठवडा काही त्याचा निघणार नव्हता.

सगळं अडलं होतं एका पेटीपाशी. टाकीच्या कोपऱ्यात चिकटवायची काचेची चिंचोळी पेटी. काठाला फणीसारखे दाते. दात्यांवरून पाणी पेटीत उतरावं, नळीने खालच्या गाळणीत जावं, निर्मळ होऊन वर यावं. एवढंच. पण दोनदा चिकटवली, दोनदा सांध्यातून गळली, आणि दोनदा सगळी टाकी गाळणीतून उतू जाऊन पाहुण्यासारखी घरभर हिंडून आली.

आज त्याने ब्लेडने जुना सिलिकॉन सोलला. कातेसारखी पट्टी अलगद सुटली, आणि तिच्या पोटाशी, रक्तवर्णी, रेखीव, अभंग, एक स्वस्तिक.

"आई?"

आई मेथी निवडत होती. "कुंकू आहे. नवी वस्तू घरात आली, बोटभर लावायला नको?"

"चिकटवायच्या जागेवर?"

"दिसू नये म्हणून. तू चिडतोस."

"दुसऱ्यांदापण?"

"पहिल्यांदा गळलं की रे. मग जरा मोठं काढलं. तुपात कालवून."

तो चिडला नाही. चिडायला लागणारं बळ केव्हाच सिलिकॉनबरोबर वाळलं होतं.

आई उठली. टबाशी जाऊन आली. चष्मा लावून त्याच्या शेजारी बसली आणि स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसू लागली. तूप गेलं, तांबडं गेलं, मांगल्य गेलं. काच इतकी नितळ झाली की तिच्यात दोन दमलेले चेहरे दिसू लागले. दोघांनीही नजर वळवली.

तिसऱ्यांदा सांधा भरला. मग दोन दिवस सिलिकॉन वाळत राहिला, आणि दोन दिवस मायलेक आळीपाळीने तांब्यातलं पाणी उंचावरून टबात सोडत राहिले, हवा मिळावी म्हणून. धार, विराम. धार, विराम. रावसाहेबांनी आभार मानले नाहीत.

तिसऱ्या दुपारी टाकी दात्यांच्या खालपर्यंत भरली. यशोधनने पेटीत बोट घातलं.

कोरडं.

"परत बघ."

कोरडं.

मग पाणी वाढलं, दात्यांवर चढलं, पातळ पडद्यासारखं पेटीत उतरू लागलं. त्याने मासा दोन्ही हातांनी आत सोडला. मासा दगडासारखा तळाशी गेला, आडवा पडला. आईने मान फिरवली. पाणी उतरत राहिलं, वर येत राहिलं, उतरत राहिलं. आणि वाळूलगत, सावकाश, अत्यंत नाखुशीने, एक कल्ला उघडला, मिटला, उघडला.