मडक्यात उरलेल्या चिठ्ठ्या

"गावेल काय, ते नको मोजू गो. सगल्याच खेपा रिकाम्या जातील काय, ते मोज. उरला तो आपला."

खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकताना भावनाचा बाप असं म्हणायचा. त्याला जाऊन वीस वर्षं झाली. भावना आता कोपरखैरण्याला दहावीला गणित शिकवते, आणि फळ्यावर 'किमान एकदा' लिहिलं की ते ओलं जाळं अजून तिच्या कानाशी पसरतं.

त्या दिवशी तिने सहज उदाहरण घातलं. गावच्या मासळी बाजारात बसून विकायला दहा ओटे, मागणाऱ्या वीस बाया, दर वर्षी नव्या चिठ्ठ्या. सहा वर्षांत एखादीला किमान एकदा ओटा मिळण्याची संभाव्यता किती? मुलांनी पटकन काढलं. एका वर्षी न मिळण्याची निम्मी, सहाही वर्षं न मिळण्याची चौसष्टात एक. ती एकातून वजा केली की चौसष्टात त्रेसष्ट.

"मॅडम, मग टेन्शन काय? लागनारच!" उत्कर्षा म्हणाली.

भावनाच्या हातातला खडू थांबला. तिची आई, जमुना, सहा वर्षं ओट्याविना बाजाराच्या फाटकाशी जमिनीवर पाटी मांडून बसत होती. गुडघे उन्हात, पाय गटाराच्या कडेला.

चौसष्टात एक बाई असतेच, तिने मनाला समजावलं. पण चिठ्ठ्या लिहायचा बाळाराममामा. आईचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर भावनाला दहावीच्या परीक्षेला सायकलवर डबलसीट नेणारा, पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहणारा मामा.

गावची रीत अशी, की वीस नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालायच्या, दहा निघाल्या की उरलेल्या दहा न उघडता मडक्यासकट खाडीत सोडायच्या. कुणा बाईला तिचं हरलेलं नाव चारचौघांत ऐकायला लागू नये म्हणून.

सातव्या वर्षी चिठ्ठ्या काढताना भावना स्वतः जाऊन बसली. दहावी चिठ्ठी वाचून झाली. मामी सखूचं नाव निघालं होतं, जमुनाचं नाही. मामाने मडकं उचललं.

"मामा, थांब. उरलेल्या उघड."

"मास्तरीन झालीस म्हनून रीत शिकवतेस काय आमाला?" मामा हसला. बायाही हसल्या.

"हरलेल्यांत आईचं नाव ऐकायचंय मला. एकदाच."

तिला खरोखर तेच हवं होतं. पोटातून हवं होतं. देवा, हरलेल्यांत सापडू दे माझी आई, आणि माझा मामा मला परत मिळू दे.

मामा हलेना. शेवटी भावनानेच मडकं ओढून चटईवर पालथं केलं. एकेक घडी उघडत ती नावं वाचत गेली. सात. आठ. नऊ. दहावीसाठी हात घालून तिने मडक्याचा तळ चाचपला. तळाला नुसता गारवा होता.

 सखूमामीने पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली.

"जमी वट्यावर बसली असती," मामा जमिनीकडे बघत पुटपुटला, "तर सेक्टरातल्या बिल्डिंगीतल्या गिऱ्हाईक बाया सखूकडं कशाला फिरकतील? जमीचा हात चांगला, वजन चांगला..."

"म्हणून सात वर्षं?" भावनाचा आवाज चिरकला. "परीक्षेला नेलंस तेव्हा म्हणाला होतास, गणित कधी खोटं बोलत नाय पोरी!"

तेव्हा मागून जमुना उठली. गुडघ्यांवर हात देत, हळूहळू. लेकीला बाजूला सारून ती भावासमोर उभी राहिली.

"दादा, दुसऱ्या वर्साला मडका खाडीत सोराला मीच गेलते. मला वाचता येत नाय, पन मोजता येतं. नऊच होत्या."

भावना आईकडे वळली.

"आई, तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

जमुनाने लेकीकडे पाहिलं नाही. तिचे डोळे भावावरच होते.

"दर वर्साला वाटायचा," ती म्हणाली, "सगल्या वर्सांत एकदा तरी तू सोताहून सांगशील."