सहासष्ट ठोके

चेतनानं गिरिजाबाईच्या बोटाला नाडीचे ठोके मोजायचा चिमटा लावला. त्या बोटावर चेतनाची स्वतःची नोकरी टांगलेली होती. डोळ्यांवर बांधायच्या व्हीआर चष्म्यात दहा मिनिटं तळ्याचं दृश्य बघितलं की वीस मिनिटांच्या चहाइतकाच विसावा मिळतो, एवढं आकड्यानं दाखवायचं. दाखवलं, तर सोलापूरच्या त्या टॉवेल कारखान्यात बायकांची चहाची सुट्टी निम्मी होणार आणि शुक्रवारी कंत्राट संपणारी चेतना कायम होणार. साहेबांना एक उतरता आकडा पुरणार होता.

बायकांना याचा सुगावा लागला होता. आधीच्या सहाजणींनी चष्म्याआड मनातल्या मनात नणंदेशी भांडण उकरून काढलं होतं. एकीचेही ठोके उतरले नव्हते.

दारातून त्या सहाजणींतली रेश्मा हळूच म्हणाली, "मावशी, निवांत होऊ नका हं. भांडण आठवा."

"व्हय गं. माज्याकडं भांडणाला तोटा हाय व्हय?"

चेतनानं चष्म्याचा तो काळा डबा गिरिजाबाईच्या डोळ्यांवर बांधला. दिवसभर टॉवेलच्या कडा दुमडणारे हात थोड्या वेळानं मांडीत उलगडून पडले. मान कलली. चौऱ्याण्णव ठोके सहासष्टवर आले.

चष्मा काढल्यावर चेतनानं विचारलं, "कसं वाटलं?"

"लई बरं."

"तळं आवडलं?"

"तळं कुटं बघितलं बाई! डोळं मिटलं, लागली झोप. पहाटं चारला उठतीया मी. ह्यो डबा तोंडावर असला की डोळं मिटल्यालं कुणाला दिसत न्हाय की!"

ती हसली. मग दारातल्या रेश्माचा चेहरा तिला दिसला. हसू तिथंच थांबलं.

"किती आलं गं?"

चेतनानं सांगितलं.

"त्ये लिवू नको, पोरी. तळ्यानं न्हाय झालं त्ये."

चेतनानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग लिहिलं: आधी ९४, नंतर ६६. कारणाच्या रकान्यात लिहिलं: तळ्याचं दृश्य.

बोटाचा चिमटा गिरिजाबाईनं स्वतःच काढून टेबलावर ठेवला.

सोमवारी सुट्टी दहा मिनिटांवर आली. चेतना कायम झाली. कारखान्याला चाळीस बायकांची दहा-दहा मिनिटं रोज मिळू लागली. ती बायकांनी आपल्या चहातून भरली. गिरिजाबाईनं आपली दहा भरलीच. वर, उरलेल्या दहा मिनिटांत तिला चहाला कुणी हाक मारेना.