अठरा किलो नऊशे

रविवारी सकाळी सात चाळीसला अकोल्याच्या गोवर्धनने वीस किलोची लोखंडी प्लेट काट्यावर ठेवली. काट्याने अठरा किलो नऊशे ग्रॅम दाखवले.

काटा खरे तर माणसांसाठी आणला होता. अमरावतीच्या गाडगेनगरातल्या ललितच्या जिममध्ये त्या दिवशी डेडलिफ्टचे चॅलेंज होते. जमिनीवरचा बार कमरेपर्यंत उचलून सरळ उभे राहायचे, एवढाच खेळ. सात जण अमरावतीचे, सात अकोल्याचे. बक्षीस काही नाही. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना आलूबोंडे खाऊ घालायचे. आधी प्रत्येकाचे वजन घ्यायचे, हा नियम ललितनेच काढला होता.

शेवटी अकोल्याचाच ओमप्रकाश काट्यावरून उतरला आणि पोटावर हात फिरवत म्हणाला, "तीन किलो जास्त दावून राह्यला बाप्पा. काटाच चोर हाय. त्याच्यावर हे वीसची प्लेट ठेवून पाय गोवर्धन, म्हंजे समजते."

गोवर्धनने ठेवली. सगळे हसायचे थांबले.

"काटा हलला असन," ललित म्हणाला.

गोवर्धन बाहेर गेला, जीपमधून स्वतःची प्लेट घेऊन आला. ती बरोबर वीस भरली. मग त्याने ललितच्या उरलेल्या तिन्ही प्लेटा एकेक करून ठेवल्या. अठरा आठशे. एकोणीस. अठरा नऊशे.

"अमरावतीचा किलो साडेनऊशे ग्रामचा हाय वाट्टे!" ओमप्रकाश म्हणाला.

"गप बे," गोवर्धन त्याच्यावर खेकसला आणि ललितकडे वळला. "होते असं, भाऊ. आमच्या प्लेटी हायेत न, त्याच्यावर खेळू."

तो समजूतदारपणे बोलला, हे ललितला जास्त लागले.

भिंतीवर काळा बोर्ड होता. त्यावर ललितच्याच अक्षरात लिहिलेले होते : दीक्षा, १०० किलो, २६ जानेवारी. या जिममध्ये शंभर उचलणारी ती पहिली बाई. एका खासगी दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी संपवून सरळ इथे यायची. त्या शंभरासाठी तिने चौदा महिने घातले होते. वस्तीतल्या विहारात तिचा शाल देऊन सत्कार झाला होता. त्या दिवशी तिचे वडील डोमाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्यांदाच पाहायला आले होते आणि खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून उभे होते.

दीक्षाने बोटांवर हिशेब केला. बार वीस, चार प्लेटा मिळून पंचाहत्तर सहाशे.

"पंच्याण्णव सहाशे," ती म्हणाली. "सर, तुमाले माईत होतं?"

चौदा माणसे ऐकत होती.

"मले कुठून माईत असन?" ललित म्हणाला. "ज्यानं इकल्या त्यानं फसवलं."

त्याला माहीत होते. तीन वर्षांपूर्वी त्याने नवा जाड बार घेतला, तेव्हा जुन्या प्लेटांची भोके लहान पडली. त्या त्याने बडनेरा रोडवरच्या एका लेथवर नेल्या. कारागिराने भोके वाढवली, दोन्ही तोंडे घासून सपाट केली. खाली लोखंडाच्या किसाचा ढीग पडला होता. कारागीर म्हणाला होता, "वजन उतरलं, भाऊ. काटा करून नवा आकडा टाकजा." ललित तिथून थेट पेंटरकडे गेला आणि चारही प्लेटांवर पिवळ्या रंगात ठळक वीस काढून घेतले. अठरा नऊशे हा आकडा जिममध्ये बरा दिसला नसता, एवढेच तेव्हा त्याच्या मनात आले होते.

डोमाजी भिंतीपासून पुढे झाले. खाली बसून त्यांनी एका प्लेटच्या भोकात बोट घातले, आतल्या आत गोल फिरवले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षे लेथ चालवला होता. उठताना ते ललितच्या जवळून गेले आणि त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "लेथवाला सांगतल्याशिवाय माल देत नाही, सर."

पुन्हा भिंतीला टेकून उभे राहिले.

दीक्षाची पाळी आली. "शंभर लावा," ती म्हणाली. "अकोल्याच्या प्लेटी."

"आधी नव्वद घे," ललित म्हणाला.

"शंभर लावा न सर."

बार गुडघ्यापर्यंत आला. तिथे थरथरत थांबला आणि खाली गेला. नियमाप्रमाणे निकाल ललितने द्यायचा होता. तो वाकून बार सरळ करू लागला. "नाई झालं," दीक्षाच म्हणाली आणि पकडीसाठी हाताला लावलेली पावडर पुसत बाजूला झाली. अकोलेकर जिंकले. आलूबोंडे आले, तेव्हा बापलेक निघून गेले होते.

बुधवारी सकाळी डोमाजी एकटेच आले. पिशवीतून त्यांनी हातोडी आणि पोलादी आकड्यांचे ठसे काढले. चारही प्लेटा मागून घेतल्या, जमिनीवर मांडी घातली आणि प्रत्येकीच्या मधोमध, लोखंडात, खरे वजन ठोकले. अर्धा तास लागला. ललित चहा घेऊन उभा होता. चहावर साय धरली.

"काका, दीक्षा काहून येत नाही?"

"डिवटी हाय म्हंते." डोमाजींनी आकड्यावरून अंगठा फिरवला. "तिले वाट्टे, तुमाले कोनंतरी फसवलं. आमच्या सरची लय बदनामी झाली म्हंते. जेवून नाही राह्यली बरोबर."

"तुमी सांगतलं नाही?"

"ते माह्यं काम नाही." त्यांनी ठसे पुसून पिशवीत टाकले, जिममध्ये ठेवलेले दीक्षाचे बूट मागून घेतले आणि निघाले.

त्याला आज अकरा दिवस झाले. प्लेटांवर पिवळे वीसही आहे आणि मध्ये ठोकलेला आकडाही. ललितने दोनदा दीक्षाचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. आज सकाळी साडेपाचला त्याने जिम उघडली तेव्हा बोर्डावर दीक्षाच्या नावापुढे अजून शंभरच होते.